उंदरिणींचं माहेरपण

ऐका हो ऐका! तमाम रयतेस, सर्व प्राध्यापकवर्गास आणि आदिलाबाद जिल्ह्यातल्या समस्त मांजरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, येथील पशुगृहातल्या विवाहित उंदरिणींना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पाठवण्याची प्रथा आजपासून कायमची बंद करण्यात येत आहे. कोणाची हरकत असल्यास ती थेट उंदरांकडे नोंदवावी.

हे जाहीर निवेदन मी खरोखर केलं होतं. व्हरांड्यात, लोखंडी स्टुलावर उभं राहून, छातीवर हात ठेवून. श्रोते दोन होते. एक आमच्या मॅडम, दुसऱ्या झाडलोट करणाऱ्या मावशी. टाळ्या एकानेही वाजवल्या नाहीत. मोठ्या कलावंताच्या वाट्याला हे यायचंच.

आमचं फार्मसी कॉलेज गुडीहत्नूरच्या अलीकडे, हायवेला लागून आहे. पुढून पाहिलं तर काचा, कारंजं, रंगीत झेंडे. मागून पाहिलं तर मी. म्हणजे मी आणि माझं ॲनिमल हाउस. पांढरे, लाल डोळ्यांचे, माझ्या अंगठ्याएवढे उंदीर पाळणं, त्यांची लग्नं लावणं, बाळंतपणं करणं आणि संशोधन करणाऱ्यांना हवे तेव्हा हव्या त्या वयाचे उंदीर देणं, एवढंच माझं काम. सोपं वाटतं ना? सगळ्यांनाच वाटतं. माझा साडू भैंशाला जिनिंगवर आहे. तो सरकीच्या गोदामातले उंदीर मारण्यावर वर्षभर पैसा खर्च करतो, मी उंदीर वाढवण्याचा पगार घेतो. आमच्या सासूबाई ताटात पहिली पोळी मात्र मारणाऱ्याला वाढतात.

उंदीर फुकटात वाढतात, असा समज आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांचाही होता. ते मूळचे तेलुगू, पण माझ्याशी निजामाच्या हिंदीत बोलत. उंदरांना मात्र तेलुगूत 'एलुकलु' म्हणत. येता-जाता दारातून डोकवायचे.

"क्या जी, एलुकलु कितने हुए?"

"हो रहे सर, थोडा टाइम लगता."

"टाइम? हमारे घर में तो बगैर तनखा के हो रहे!"

आणि स्वतःच्याच विनोदावर हसत कारंज्याकडे निघून जायचे. पीएच.डी. झालेला माणूस विनोद करायला लागला की समोरच्याने हसावं, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. मी हसत असे.

पण त्या वर्षी हसणं जड जात होतं, कारण मॅडमचं काम अडलं होतं.

मॅडम आमच्याकडे शिकवत आणि पीएच.डी.ही करत. माहेर मुधोळचं, कापूस-ज्वारी करणारं घर. सासर आदिलाबादेत, नवरा तहसीलमध्ये क्लार्क. त्यांचा विषय मला फार आवडायचा. आमच्या भागातल्या बाया बाळंतिणीला दूध यावं म्हणून जंगलातली एक मुळी उगाळून देतात. त्या मुळीने खरंच दूध वाढतं, की नुसती सासूची समजूत राहते, हे मॅडमना पाहायचं होतं. त्यासाठी एकाच आठवड्यात व्यालेल्या भरपूर उंदरिणी हव्या होत्या. अर्ध्यांना मुळी द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि रोज सकाळी पिल्लांची वजनं करायची. ज्यांच्या आयांना दूध जास्त, ती पिल्लं गुटगुटीत. इतकं सरळ.

आता यातली गंमत अशी, की मॅडमना स्वतःलाच दिवस गेले होते. सातवा लागला की आई मुधोळहून न्यायला येणार, हे ठरलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी, याच्यावर आमच्याकडे चर्चा होत नसते. तेव्हा आईच्या आधी पिल्लं यायला हवी होती. मॅडमना याची काळजी का, हे आमच्या खोलीच्या खुंट्या सांगत. दारामागे ॲप्रन टांगायच्या तीन खुंट्या होत्या. पहिल्या दोन खुंट्यांवर दोन ॲप्रन कायमचे लटकलेले. या मॅडमच्या आधीच्या दोन मॅडमही काम अर्धवट ठेवून बाळंतपणाला गेल्या होत्या. 'दोन-तीन महिन्यांत येतेच' असं दोघीही म्हणाल्या होत्या. ॲप्रन अजून वाट पाहत होते, बाया आल्या नव्हत्या. आमच्या मॅडम रोज सकाळी तिसऱ्या खुंटीवरून आपला ॲप्रन काढायच्या तेव्हा त्या दोघांकडे अजिबात बघायच्या नाहीत. इतकं न बघणं मी फार कमी लोकांना जमलेलं पाहिलंय.

तर आम्ही लग्नं लावली. एका पिंजऱ्यात एक नर, दोन माद्या. सकाळी मावशी आणि मी एकेक मादी शेपटीच्या मुळाशी धरून उचलायचो. शेपटीखाली मेणासारखी पांढरी गुठळी दिसली, की समजायचं, लग्न लागलं. मग तिला तिथून काढून दुसऱ्या पिंजऱ्यात हलवायचं. सगळीकडे असंच करतात. दुसऱ्या पिंजऱ्याला बाकी जग 'दुसरा पिंजरा' म्हणतं. आम्ही त्याला माहेर म्हणायला लागलो.

कल्पना मावशींची. मावशी आमच्याच गावाकडच्या, लेकीबाळी असलेल्या. पहिल्या दिवशी गुठळी दिसलेली मादी हातात धरून त्या मला म्हणाल्या, "सार, हे पयलटकरीन आहे. इले काऊन परक्या घरी टाकून राह्यले तुमी? इच्या बापाच्या मांडणीवर ठेवा नं."

मला हे ऐकून इतका आनंद झाला, की मी लगेच ती मांडणी पुसून घेतली. आमच्याकडे कुठली मादी कोणत्या नराची लेक, हे पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. मॅडमनाही कल्पना एकदम पटली. "आराम तरी मिळेल बिचारींना," म्हणाल्या. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तर दोन पाहुण्यांना मुद्दाम आणून ती मांडणी दाखवली आणि "इंडियन कल्चर" असं म्हटलं. पाहुण्यांनी फोटो काढले. उंदरिणींनी पाठ फिरवली.

मावशींनी त्यात आणखी एक सुधारणा केली. नवीन पिंजऱ्यात कोरडं, वाफवून काढलेलं भाताचं तूस असतं. त्याला कसलाच वास नाही. मावशींचं म्हणणं, माहेराला माहेराचा वास हवा. म्हणून त्या बापाच्या पिंजऱ्यातून मूठभर जुनं तूस काढायच्या आणि लेकीच्या पिंजऱ्यात कोपऱ्यात ठेवायच्या. "घे व बाई, बापाच्या घरचं," असं तिच्याशी बोलायच्यासुद्धा. मी त्या क्षणी डोळे पुसायचे बाकी ठेवले होते. इतकं हळवं पशुगृह देशात दुसरं नसावं.

त्यानंतर सगळं छान झालं. फक्त पोटं वाढेनात.

उंदरीण गाभण राहिली की आठ-दहा दिवसांनी तिचा आकार लिंबू गिळल्यासारखा होतो. आमच्या माहेरवाशिणी जशा आल्या तशा सडपातळ. खात होत्या, पाणी पीत होत्या, अंग चाटून चकचकीत करत होत्या. माहेरपण अगदी मजेत चाललं होतं. पुन्हा लग्नं लावली, पुन्हा गुठळ्या दिसल्या, पुन्हा माहेर, पुन्हा काही नाही.

मग सल्ले सुरू झाले. प्रिन्सिपॉलसाहेबांना वाटलं, एक्झॉस्ट फॅनच्या आवाजाने होत असेल. फॅन बंद केला. वास असा सुटला, की त्यांच्याच केबिनपर्यंत गेला, आणि फॅन लगेच निर्दोष ठरला. एका प्राध्यापकांना वाटलं, खाद्य बदला. दुसऱ्यांना वाटलं, नर आळशी आहेत. मावशींना वाटलं, फोटो काढणाऱ्या पाहुण्यांची नजर लागली, म्हणून त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि माझ्या गॅसच्या शेगडीवर टाकल्या. अख्खी फार्मसी खोकत बाहेर आली. उंदीर तेवढे शिंकून गप्प बसले.

"मावशी, अहो श्वासाचा प्रयोग बाजूच्या खोलीत चाललाय!" मी ओरडलो.

"मंग त्याह्यचीबी निंघाली नजर," मावशी म्हणाल्या.

मॅडम मात्र दिवस मोजत होत्या. त्यांचं पोट दिसायला लागलं होतं. उंदरिणींचं दिसत नव्हतं. मुधोळहून आईचे फोन रोज यायचे. कधी न्यायला येऊ, गोधड्या शिवून झाल्या, घरची म्हैस व्यायला आली आहे, तुझ्यासाठी दूध होईल. मॅडम म्हणायच्या, "बघू गं." एकदा फोन ठेवून मला म्हणाल्या, "सर, आमच्या घरची म्हैसही वेळेवर व्यायला आली. आपल्याच उंदरांना काय झालंय?"

याच्यावर विनोद करता आला असता. मी केला नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता हे लक्षात यावं.

उत्तर दिलं ते चावरीने. ही आमची एक मादी. हात घातला की कडाडून चावायची. मावशींच्या दोन्ही अंगठ्यांना तिचे दात माहीत होते. तेव्हा गुठळी दिसूनही तिला माहेरी न्यायला मावशींनी साफ नकार दिला होता. "राहू द्या तिले नवऱ्यापाशीच. असल्या पोरीले कोन आनते माहेरी?" ती राहिली. आम्ही विसरलो. आणि एका सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तुसाच्या ढिगाखाली चुळबूळ दिसली. गुलाबी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याएवढी पिल्लं. चावरी त्यांच्यावर पसरून बसलेली, आणि शेजारी तिचा नवरा, नवऱ्यांच्या चेहऱ्यावर अशा वेळी जो भाव असतो तोच घेऊन.

मॅडम त्या पिंजऱ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग तडक लायब्ररीत गेल्या. दुपारी परतल्या तेव्हा चेहरा असा होता, की हसावं की रडावं हे ठरायचं होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "नुकत्याच गाभण राहिलेल्या उंदरिणीला पहिल्या काही दिवसांत परक्या नराचा वास आला ना, तर तिचं शरीर तो गर्भ धरतच नाही. सोडून देतं. जुनी, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे."

"पण परका नर आला कुठून? आपण तर त्यांना माहेरी..."

एवढं बोलून मी थांबलो. मॅडमनी मावशींकडे पाहिलं. मावशींच्या हातात त्या वेळीही ती मूठ होती. बापाच्या घरचं तूस.

"बाप?" मावशी म्हणाल्या. "बाप परका?"

"उंदरिणीच्या नाकाला नवरा तेवढा ओळखीचा, मावशी," मॅडम म्हणाल्या. "बाकी सगळे परके. बापसुद्धा."

मावशींनी मूठ उघडून तुसाकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडतील. पण त्या म्हणाल्या, "खरं हाय बाई. लगन झाल्यावर माह्या बापानं तरी कुठं वळख देल्ली मले," आणि ते तूस कचऱ्याच्या डब्यात टाकून हात धुवायला गेल्या.

त्यानंतर मी स्टूल मागवलं आणि ते ऐतिहासिक निवेदन केलं. प्रिन्सिपॉलसाहेब तिकडून जात होते. "ये क्या ड्रामा है जी?" म्हणाले. मी म्हटलं, "सर, इंडियन कल्चर में थोडा अमेंडमेंट है." ते मान डोलावून गेले. अमेंडमेंट हा शब्द ऐकला की ते नेहमी मान डोलावतात.

पुढच्या खेपेला एकाही लेकीला हलवलं नाही. गुठळी दिसली की चिठ्ठीवर खूण करायची आणि पिंजरा जसाच्या तसा ठेवायचा. दहा-बारा दिवसांत मांडणीवर लिंबांची बागच लागली. मॅडम रोज एकेका पिंजऱ्यापाशी वाकायच्या. आता त्यांनाही वाकणं सोपं नव्हतं. एक लिंबू दुसऱ्या लिंबाची चौकशी करतंय, असं दृश्य असायचं. आणि मग त्या आठवड्यात पिल्लं आली. एकामागून एक, मांडणीभर. दूध प्यालेल्या पिल्लाचं पोट पाहिलंय तुम्ही? कातडी इतकी पातळ, की आतलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसतं. मॅडमनी मुळी सुरू केली, वजनं सुरू केली. पिल्लाला हात लावण्याआधी त्या हाताला त्याच पिंजऱ्यातलं तूस चोळून घ्यायच्या, म्हणजे आईला परका वास येऊ नये. वास या गोष्टीबद्दल आम्ही आता फारच शहाणे झालो होतो.

आणि बरोबर त्याच आठवड्यात मुधोळहून जीप आली.

आई लवकर आल्या होत्या. पुढे म्हणे बरा दिवसच नव्हता. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, जीपमध्ये मागे गोधड्या, उशा आणि स्वतःसाठी पाण्याची बाटली आणि भाकरीचं गाठोडं. ही बाटली महत्त्वाची. पहिलं नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांची रीत. लेकीच्या सासरी गेल्या, बॅग बांधलेली दिसली नाही, लेक कॉलेजात आहे असं कळलं, तर जावयालाच जीपमध्ये घालून थेट आमच्या दारात.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "माही लेक कुठं हाय? अन तिले थांबवून ठेवनारे ते कोन हायेत, ते दाखवा मले."

"उंदीर आहेत, बाई."

"ते मले ठाऊक हाय. दाखवा."

नियमाने आत कोणाला सोडत नाहीत. पण नियम मोडायचा असेल तर निदान ॲप्रन तरी घालावा लागतो. मी पहिल्या खुंटीवरचा काढून दिला. त्यांनी घालता घालता बाह्यांवरची धूळ झटकली.

"हा कोनाचा कोट?"

"आधी एक मॅडम होत्या. बाळंतपणाला गेल्या माहेरी."

"अन मंग?"

"मग नाही आल्या."

त्यांनी दुसऱ्या खुंटीकडे पाहिलं. "अन हा?"

"त्याही."

तिसरी खुंटी रिकामी होती. तिचा ॲप्रन आत होता, आणि त्यात त्यांची लेक होती. वजनकाट्यापुढे बसलेली, चिमूटभर पिल्लू काट्यावर ठेवून.

"आई, तू लवकर आलीस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पिल्लू सोडलं नाही.

"चाल बाई, जीप उभी हाय."

"आज नाही येत. आणखी अडीच-तीन आठवडे ह्यांची वजनं आहेत. मध्ये सोडलं तर सगळं पाण्यात."

"अवो, पयलं बाळंतपन माहेरीच होते. जनरीत हाय."

इथे मी मध्ये पडायला नको होतं. पण गप्प बसणं हा माझा विषय नव्हे. "बाई," मी म्हटलं, "त्यात जरा घोळ आहे." मग मी त्यांना सगळं सांगितलं. माहेरची मांडणी, बापाच्या घरची मूठ, सडपातळ राहिलेल्या लेकी, नवऱ्यापाशी राहिलेली चावरी. जिथे हवं तिथे आवाज चढवला, जिथे हवं तिथे थांबलो. मावशी मागून "खरं हाय, म्या सोताच टाकलं तूस" अशी साक्ष देत होत्या. उंदरांवरून माणसाबद्दल लगेच निष्कर्ष काढू नयेत, असं मॅडम विद्यार्थ्यांना वर्षभर बजावत आल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी मला मधे एकदाही अडवलं नाही.

आई ऐकत होत्या. मग पिंजऱ्यापाशी गेल्या. चावरीच आडवी पडली होती, तिची दुसऱ्या वेताची पिल्लं एका रांगेत पीत होती, पोटांवर ते पांढरे ठिपके. नवरा कोपऱ्यात. त्यांनी वाकून नीट पाहिलं.

"हे कुठं बाळंत झाली?"

"इथंच," मॅडम म्हणाल्या. "सासरी."

"इची माय?"

मॅडमनी शेजारचा पिंजरा दाखवला. खरं तर तो कोणाचा होता ते मला माहीत होतं, आणि तो तिच्या आईचा नव्हता. मी चूप राहिलो. कलेत काही गोष्टी सोडाव्या लागतात.

दारात जावई उभे होते, हातात सासूबाईंची पाण्याची बाटली घेऊन, कोपऱ्यातल्या उंदरासारखेच. आईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दारामागच्या खुंट्यांकडे पाहिलं, अंगावरच्या दुसऱ्या कोणाच्या ॲप्रनची गुंडी उगाच लावली, आणि एकदम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेल्या:

"म्हंजे आता ह्या वयात मलेच पोरीच्या सासरी नांदाले या लागन का व?"